वाटीचे ग्रॅम करताना: घरच्या वहीतली मापं वजनात आणण्याची पद्धत

जळगाव-धुळ्याकडे ऊन तापायला लागलं की वर्षाचा काळा मसाला, बिबडे (ज्वारीचे पापड), कैरीचं लोणचं, कळण्याचं (ज्वारी-उडदाच्या पिठाचं) दळण अशी एकेक कामं निघतात. त्याच दिवसांत पुण्या-मुंबईला राहणाऱ्या लेकीसुनांचे फोन सुरू होतात: "माय, वाटी म्हणजे किती ग्रॅम?" कोणी अडीचशे सांगतं, कोणी दोनशे. कोणी मोबाइलवरचा कपाचा तक्ता पाठवून देतं. मग बट्टी दगडासारखी होते, लोणच्याला बुरशी येते, पुरण सैल पडतं आणि दोष हाताला जातो. दोष हाताचा नसतो. वाटी कोणती आणि ती कशाने भरलेली, या दोन गोष्टी ठरल्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नाही.

वाटी, चमचा, पळी, पायली ही जागेची मापं. किती जागा भरली एवढंच ती सांगतात. ज्या वाटीत १६० ग्रॅम पाणी मावतं, तिच्यात बेसन ७५ ग्रॅमच्या आसपास मावतं आणि बारीक मीठ १९० ग्रॅमच्या आसपास. म्हणून सगळ्या जिन्नसांना एकच आकडा लावणं ही पहिली आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक. दुसरी चूक म्हणजे परक्या कपाचा तक्ता आपल्या स्टीलच्या वाटीला लावणं. तक्त्यातला कप बहुतेक वेळा २४० मिलीचा असतो. घरातली आमटीची वाटी पुष्कळदा त्याच्या दोन तृतीयांशही नसते.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. वाटी मोजण्याआधी जिन्नस तोलला, तर तो आकडा त्या एका वाटीपुरताच राहतो. वाटी बदलली की सगळं पुन्हा करावं लागतं.

आधी जमवायच्या गोष्टी

एक साधा डिजिटल वजनकाटा हवा, पाच किलोपर्यंत तोलणारा आणि एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा. मसाल्यांसाठी जमलं तर ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटाही घ्या. तो पाच किलोच्या काट्याची जागा घेत नाही आणि मोठा काटा त्याची जागा घेत नाही. मोठ्या काट्यावर दोन ग्रॅम ओवा तोलला, तर आकड्यात अर्ध्या-एक ग्रॅमचा फरक सहज पडतो. दोन ग्रॅमांत एक ग्रॅम म्हणजे निम्मा ओवा इकडचा तिकडे झाला.

शिवाय पीठ सपाट करायला सरळ कडेची सुरी किंवा उलथनं, एक हलका प्लास्टिकचा वाडगा, पेन, वही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे खुद्द ती वाटी. आईने ज्या वाटीने आयुष्यभर मोजलं, तीच हवी. ती गावी असेल तर पुढच्या खेपेला तिच्यातलं पाणी तोलून आकडा लिहून आणा. वाटी आणायची गरज नाही, आकडा पुरतो.

टप्पा १: काटा खरा बोलतोय का ते बघा

काटा ओट्यावर, सपाट आणि कडक जागी ठेवा. खाली कापड किंवा वर्तमानपत्र नको. सुरू करा, शून्य येऊ द्या, मग एक किलो मिठाची न फोडलेली पिशवी ठेवा. हजाराच्या वर पिशवीचे दोन-चार ग्रॅम दिसले तर ठीक. तीच पिशवी काढून पुन्हा ठेवा, नंतर ताटलीच्या एका कडेला सरकवून बघा. आकडा एक-दोन ग्रॅमांपेक्षा जास्त हलला, तर आधी सेल बदला.

*सावधान:* छोटा काटा वाऱ्याला फार हळवा असतो. मे महिन्यात आपल्याकडे कूलर किंवा पंखा बंद ठेवणं जिवावर येतं, पण झोत ताटलीवर आला की आकडा नाचतच राहतो. तोलण्यापुरता पंखा बंद करा, नाहीतर काटा भिंतीच्या आडोशाला न्या.

*आणखी एक:* बरेच काटे अगदी हळूहळू पडणारा जिन्नस धरतच नाहीत. चिमटीने हळद भुरभुरत राहिलात तर काटा तो बदल गिळून टाकतो आणि आकडा हलत नाही. हळद आधी दुसऱ्या वाटीत घ्या आणि एकदम ओता.

टप्पा २: वाटी पाण्याने मोजा

एक मिली पाणी म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यानेही या हिशोबात एक टक्क्याच्या आतच फरक पडतो, त्याची चिंता नको.

कोरडी वाटी काट्यावर ठेवा आणि शून्याचं बटण दाबा. पाणी काठापर्यंत भरा. पाणी काठाच्या वर फुगून उभं राहतं, तो फुगवटा दिसला तर चमच्याने थोडं काढा. आकडा लिहा. ही झाली तुमच्या वाटीची मिली. पाणी ओतून द्या, वाटी पुसा आणि असंच एकूण तीनदा करा.

*तपासा:* तिन्ही आकडे दोन ग्रॅमांच्या आत असायला हवेत. नसतील तर वाटी तिरकी बसते आहे किंवा तुम्ही काठ वेगवेगळा धरता आहात.

आकडा वाटीच्या बुडाशी कायम शाईने लिहून ठेवा: "१६० मिली". घरात एकसारख्या दिसणाऱ्या चार वाट्या असतात आणि त्यांत दहा-वीस मिलीचा फरक असतो. पुढच्या सगळ्या उदाहरणांत मी १६० मिलीची वाटी धरली आहे. तुमची जी निघेल ती घाला.

टप्पा ३: वहीतली ओळ नीट वाचा

हा टप्पा सगळे ओलांडून जातात आणि निम्म्या चुका इथेच होतात. काट्याला हात लावण्याआधी वहीतल्या प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारा.

पहिला: माप सपाट की शिगेचं, म्हणजे काठाच्या वर ढीग लावलेलं? आपल्याकडे धान्य मोजताना शीग लावायची सवय आहे आणि तोच हात पिठालाही चालतो. "चार वाट्या पीठ" असं लिहिणारीच्या डोळ्यांपुढे शिगेची वाटी असेल, तर सपाट वाटीच्या हिशोबाने पीठ बरंच कमी पडेल. तिला विचारा. ती नसेल तर तिच्या हाताखाली शिकलेल्या काकूला, आत्याला विचारा.

दुसरा: जिन्नस कोणत्या अवस्थेत मोजला? "एक वाटी दाण्याचा कूट" आणि "एक वाटी दाणे कुटून" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात वाटीत कूट मोजलाय, दुसऱ्यात अख्खे दाणे. बेसन चाळून मोजलं की चाळायच्या आधी? हरभऱ्याची डाळ कच्ची मोजली की शिजवलेली? शिजल्यावर डाळ साधारण दुप्पट होते, म्हणजे इथे गफलत झाली तर गुळाचं गणित निम्म्याने चुकतं. बिबड्यांची ज्वारी भिजवायच्या आधी मोजलेली असते. ओल्या ज्वारीचं वजन घेतलं तर आकड्यात पाणीही तोललं जातं. मसाल्याच्या मिरच्या देठांसकट की देठं काढून? धने-खोबरं भाजायच्या आधी की नंतर? भाजताना ओल उडते, वजन उतरतं. मी सगळं भाजायच्या आधीचंच वजन लिहिते, कारण दुकानातून आणताना तोच आकडा कामाचा असतो.

तिसरा: दाबून की सुटं? पिठाला, गुळाला, कोथिंबिरीला आणि खोबऱ्याच्या किसाला हा प्रश्न विचारायचाच. साखर, तांदूळ, डाळी यांना नाही विचारला तरी चालतं, त्या फारशा दबत नाहीत.

वहीत प्रत्येक ओळीपुढे ही उत्तरं दोन-तीन शब्दांत लिहा: "सपाट, न चाळलेलं", "शिगेची, कच्ची". उत्तर मिळालंच नाही तर "सपाट" धरा आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवा. शेवटच्या टप्प्यात ते सुटेल.

टप्पा ४: जिन्नस तोला, गुणक काढा

वाटी कोरडी करा. काट्यावर ठेवून शून्य करा. खाली उतरवा, भरा, सपाट करा, पुन्हा काट्यावर ठेवा. काट्यावर ठेवून भरू नका, कारण सांडलेलं पीठही तोललं जातं.

भरायची पद्धत एकच ठेवा. डब्यात वाटी बुडवून वर काढली की गव्हाचं पीठ दाबलं जातं. चमच्याने हलकेच टाकलं तर ते मोकळं राहतं. १६० मिलीच्या वाटीत मोकळं पीठ ८२ ग्रॅमच्या आसपास बसतं, बुडवून काढलेलं शंभराच्या घरात जातं. दर पाच वाट्यांमागे एक वाटी पिठाचा हा फरक आहे. वहीवाली बाई डब्यात वाटी बुडवत असेल, तर तुम्हीही बुडवूनच भरा. इथे शास्त्रशुद्ध पद्धतीचा काही उपयोग नाही, तिची पद्धत हवी.

प्रत्येक जिन्नस तीनदा भरून तोला आणि सरासरी काढा. मग भागाकार करा:

जिन्नसाचे ग्रॅम ÷ वाटीची मिली = गुणक

१६० मिलीच्या वाटीत बेसन ७५ ग्रॅम भरलं, तर ७५ ÷ १६० = ०.४७. हा गुणक त्या जिन्नसाचा आहे, वाटीचा नाही. उद्या २०० मिलीचा पेला घेतलात तर २०० × ०.४७ = ९४ ग्रॅम. वाटी फुटो, हरवो, बहिणीकडे जावो, गुणक तुमच्याकडेच राहतो.

तुमचे आकडे ताडून बघायला काही गुणक देते. सगळे सपाट मापाचे आहेत, दर १०० मिलीमागे ग्रॅममध्ये:

- दूध: १०३
- शेंगदाण्याचं तेल, पातळ केलेलं तूप: ९१ ते ९२
- बारीक मीठ: १२० च्या आसपास
- साखर: ८३ ते ८५
- तांदूळ: ७८ ते ८५
- तूरडाळ, हरभरा डाळ: ८० ते ८५
- ज्वारी (अख्खी): ८१ च्या आसपास
- उडीद (अख्खे): ८७ च्या आसपास
- रवा: ७० च्या आसपास
- गव्हाचं पीठ: मोकळं ५० ते ५५, दाबलेलं ६० ते ६५
- बेसन: चाळलेलं ३९ ते ४०, न चाळलेलं ४५ ते ५०
- अख्खे शेंगदाणे, तीळ: ६१ ते ६२
- सुक्या खोबऱ्याचा किस: ३५ ते ४०

*तपासा:* तुमचा आकडा यापेक्षा दहा टक्क्यांच्या आत असेल तर पुढे चला. त्याहून जास्त फरक पडला तर आधी वाटीची मिली पुन्हा बघा, मग भरायची पद्धत. तरीही फरक राहिला तर तुमचाच आकडा ठेवा. गिरणीवर पीठ किती जाड दळलं, गहू कोणता होता, यावर तो खरोखरच बदलतो.

खडेमीठ आणि गूळ मी यादीत मुद्दाम घातले नाहीत. खडेमिठाचा खडा केवढा, यावर सगळं अवलंबून असतं. गूळ चिरलेला, किसलेला, कोरडा, चिकट असा प्रत्येक वेळी वेगळा बसतो. हे दोन जिन्नस वाटीने मोजणं सोडूनच द्या.

*सावधान:* गिरणीवरून आणलेलं पीठ गरम आणि फुललेलं असतं. त्याच वेळी वाटी भरून तोललंत तर आकडा कमी येईल. रात्रभर डब्यात बसू द्या आणि दुसऱ्या दिवशी तोला.

मध्येच एक बाब: प्रमाण कधी तसंच राहतं आणि कधी नाही

कळण्यासाठी "चार वाट्या ज्वारी, एक वाटी उडीद" लिहिलंय. याचं सरळ चार किलोला एक किलो केलं तर चालेल का? ज्वारीचे चार वाट्या दाणे म्हणजे साधारण ५२० ग्रॅम, उडीद एक वाटी म्हणजे १४० ग्रॅम. वजनात हे प्रमाण पावणेचारास एक येतं. चारास एक धरलंत तर भाकरीत कळण्याइतका फरक पडणार नाही. दोन्ही अख्खे दाणे आहेत, गुणक जवळजवळ आहेत, म्हणून हे जमतं.

पुरणाला तसं होत नाही. "डाळीइतकाच गूळ" हे वाटीने की वजनाने? गूळ सुटा भरला तर एक वाटी गूळ एका वाटी डाळीपेक्षा हलका, दाबून भरला तर बरोबरीचा किंवा जडही. खापरावरची पुरणाची पोळी लाटायची नसते, हातावर झेलत मोठी करायची असते. त्यात पुरण सैल झालं की पोळी फाटते. म्हणून पुरणाचं माप वजनातच लिहा, आणि "कच्ची डाळ" हा शब्द त्याच ओळीत लिहा.

लोणच्यात तर जोखीम आणखी मोठी. "एक किलो फोडींना एक वाटी मीठ" या ओळीत १६० मिलीची वाटी आणि बारीक मीठ धरलं तर सुमारे १९० ग्रॅम, म्हणजे फोडींच्या १९ टक्के. त्याच ओळीत कोणी १२० मिलीची लहान वाटी घेतली तर १४४ ग्रॅम, १४ टक्के. २२० मिलीची मोठी घेतली तर २६४ ग्रॅम, २६ टक्के. कमी पडलं तर लोणचं टिकत नाही, जास्त झालं तर तोंडात घालवत नाही. ओळ तिन्ही वेळा एकच होती. फोडी धुऊन, पुसून, वाळवून मगच तोला, आणि बाठ्याच्या कवचासकट तोलल्या की काढून, तेही लिहा.

टप्पा ५: चमचे

मापाचा चमचा लहान म्हणजे ५ मिली, मोठा १५ मिली. घरातला पोह्यांचा चमचा यांतला कोणताच नसतो. मसाल्याच्या डब्यातला चमचा तर नाहीच नाही. एका चमच्यातलं पाणी नीट तोलता येत नाही, म्हणून सलग दहा चमचे पाणी वाडग्यात टाका, तोला आणि दहाने भागा.

सपाट ५ मिलीच्या चमच्यात साधारण इतकं बसतं: बारीक मीठ ६ ग्रॅम, साखर ४, खायचा सोडा साडेचार, हळद ३, तिखट अडीच, मेथ्या साडेतीन, खसखस आणि तीळ ३, जिरे, धने, बडीशेप, ओवा २ च्या आसपास. मसाल्याचेही दहा चमचे एकदम तोलून दहाने भागलेले बरे.

शीग इथे फार फसवते. हळदीचा शिगेचा चमचा सपाटाच्या दुप्पटही होतो.

टप्पा ६: हाताची मापं, म्हणजे मूठ, पसा, पळी, चिमूट

खरी अडचण इथे आहे, आणि खान्देशातल्या बहुतेक स्वयंपाकाची मापं हीच आहेत. ज्या घरात वाटीसुद्धा वापरत नाहीत, तिथे वही कसली? दगडफूल मूठभर, शेव भाजीच्या रश्श्याला दोन पळ्या तेल, बट्टीला "मुटका वळेल इतकं मोहन". हे कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही, आणि मूठ तोलून दाखव म्हटलं की बाई नेहमीसारखी मूठ भरत नाही. काटा पुढे दिसला की हात अवघडतो.

यावर एकच पद्धत चांगली चालते: हात तोलू नका, डबा तोला.

स्वयंपाक सुरू होण्याआधी जे जे लागणार आहे त्याचे डबे, बरण्या, तेलाची किटली, पाण्याचा तांब्या, सगळं झाकणासकट तोला आणि आकडे लिहा. मग बाजूला व्हा. मध्ये काही विचारू नका, चमचा हातात देऊ नका. "जरा थांब, तोलून घेते" तर अजिबात म्हणू नका. तिला नेहमीच्या परातीत, नेहमीच्या हाताने करू द्या. झाल्यावर तेच डबे पुन्हा तोला. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करा. मीठ किती, तिखट किती, तेल किती, सगळं कळतं आणि तिला एकदाही अडवावं लागत नाही.

काही बारकावे. डबा ज्या झाकणासह आधी तोलला त्याच झाकणासह नंतर तोला. घेतलेलं थोडं परत डब्यात टाकलं तरी हरकत नाही, वजाबाकीत ते आपोआप येतं. परातीवर उरलेलं लाटणीचं पीठ वेगळं तोलून वजा करा. मोठा डबा असेल तर मसाले छोट्या बरण्यांत काढून घ्या. पाच किलोच्या काट्यावर चार किलोच्या डब्यातून गेलेले तीन ग्रॅम भरवशाने कळत नाहीत. हिंग आणि केशर या पद्धतीने होतच नाहीत. तिथे "दोन चिमटी" असंच लिहा, काही बिघडत नाही.

तेलाचं एक लक्षात ठेवा. पळीने काढलेल्या तेलातलं थोडं पळीलाच राहतं. वजाबाकीत तेही धरलं जातं. पळी पुन्हा किटलीत जात असेल तर किटली पळीसकट तोला.

*तपासा:* हीच वजाबाकी दुसऱ्या दिवशी, त्याच पदार्थाला पुन्हा करा. मुरलेला हात असेल तर मिठाचं पिठाशी प्रमाण दोन्ही दिवशी जवळजवळ तेच निघतं. पाण्याचं मात्र बदलतं, आणि ते बदलायलाच हवं.

टप्पा ७: जुन्या वहीतले शेर, पायली, तोळे

आजीच्या वहीत ही मापं असतील तर घाई करू नका. शेर दोन आहेत. मापाचा शेर जागा मोजतो: दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली. वजनाचा शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. धान्य मापाने मोजायचे, तर मसाला, गूळ, तूप बहुधा वजनाने. ओळीतला जिन्नस बघून ठरवा.

वजनाचं सरळ आहे. तोळा ११.६६ ग्रॅम. छटाक म्हणजे पाच तोळे, ५८ ग्रॅम. अदपाव ११७ ग्रॅम, पावशेर २३३ ग्रॅम. आज बोलताना पावशेर म्हणजे २५० ग्रॅम धरतात आणि सराफाकडे तोळा १० ग्रॅमचा धरतात. जुन्या वहीला हे दोन्ही लावू नका. मसाल्यात लवंग "दोन तोळे" असेल तर ती २३ ग्रॅम, २० नाही.

मापाच्या पायलीला एकच ठरलेला आकडा देणं धोक्याचं आहे, गावोगावी ती वेगळी असायची. घरात मापटं किंवा शेर अजून असेल तर तेच मोजा. लाकडी किंवा सांध्यातून गळणारं असेल तर पाणी टिकणार नाही. मग ज्वारीने भरून सपाट करा, ज्वारी तोला आणि तुम्ही आधी काढलेल्या ज्वारीच्या गुणकाने भागा. ७२९ ग्रॅम भरली आणि गुणक ०.८१ असेल, तर माप ९०० मिलीचं.

टप्पा ८: गणित मांडा

आता एक पूर्ण उदाहरण, वरण-बट्टीच्या बट्टीचं. वहीत आहे: चार वाट्या बट्टीचं जाडसर पीठ, अर्धी वाटी तेल, दीड चमचा मीठ, एक चमचा ओवा. वाटी १६० मिली, चमचा ५ मिली, सगळं सपाट.

पीठ: जाडसर दळणाचा तोलून काढलेला गुणक ०.६२. ४ × १६० × ०.६२ = ३९७, म्हणजे ४०० ग्रॅम.
तेल: ८० × ०.९१ = ७३ ग्रॅम.
मीठ: ९ ग्रॅम.
ओवा: २ ग्रॅम.

यानंतर पिठाला शंभर धरून बाकीचं टक्क्यांत लिहा: तेल १८.२५, मीठ २.२५, ओवा ०.५. घरी वीस माणसं जेवायला आहेत आणि दोन किलो पीठ भिजवायचंय? तेल ३६५ ग्रॅम, मीठ ४५, ओवा १०. चमचे मोजत बसावं लागत नाही.

हेच "वाटी म्हणजे २५० ग्रॅम" धरून केलं असतं तर पीठ एक किलो आलं असतं. मीठ मात्र चमच्याचंच, नऊ ग्रॅम राहिलं असतं. बट्ट्या अळणी झाल्या असत्या. वाटीच्या ओळी एका चुकीने फुगतात आणि चमच्याच्या ओळी फुगत नाहीत, म्हणून पदार्थ नुसता जास्त होत नाही, बिघडतो.

आकडे उगाच बारीक ठेवू नका. ५० ग्रॅमच्या वर पाचच्या पटीत लिहिलं तरी पुरे, तेलासारखं टक्क्यांत लागणार असेल तर तेवढं नेमकं ठेवा. दहाच्या खाली अर्ध्या ग्रॅमपर्यंत जा. भिजवायचं पाणी ठाम आकड्यात लिहू नका. तांब्या आधी-नंतर तोलून जे निघेल ते "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असं लिहा, पीठ दर वेळी वेगळं पाणी पितं.

*सावधान:* तेल लिटरने आणलं असेल तर एक लिटर म्हणजे एक किलो नाही. पिशवीवर मिली आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतात, ते वाचा.

टप्पा ९: करून बघा, मग वहीत पक्कं करा

नव्या आकड्यांनी पहिल्यांदा निम्म्या मापात करा. लोणचं असेल तर एक किलोच फोडींचं घाला, मसाला असेल तर पाव किलो मिरचीचा. ज्यांच्या हाताची चव पकडायची आहे त्यांना चाखायला द्या आणि काय कमी, काय जास्त एवढंच विचारा. टप्पा ३ मधल्या प्रश्नचिन्हाच्या ओळी इथे तपासायच्या. बट्टी फार तेलकट वाटली तर बहुधा वहीतलं पीठ शिगेचं होतं आणि तुम्ही सपाट धरून ते कमी घेतलंत. एका वेळी एकच ओळ बदला. दोन ओळी एकदम बदलल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही.

पक्कं लिहिताना प्रत्येक पदार्थाच्या वर तीन गोष्टी लिहा: मूळ वाटीची मिली, मीठ बारीक की खडे, आणि तारीख. खाली ग्रॅम, त्यापुढे टक्के. मूळची "चार वाट्या, अर्धी वाटी" ही ओळ खोडू नका. शेजारी तशीच राहू द्या, पुढे कोणाला शंका आली तर ताडून बघता येईल.

गुणक पुन्हा काढायची वेळ कधी येते? गिरणी बदलली, दळण जाड-बारीक झालं, मिठाचा छाप बदलला किंवा बेसन सुटं घ्यायचं ते पाकिटातलं घेऊ लागलात, की फक्त त्या एका जिन्नसाचा गुणक पुन्हा काढा. पावसाळ्यात मीठ आणि गूळ ओल धरतात, त्या दिवसांत वाटीने मोजायची वेळ आलीच तर आधी मीठ तव्यावर कोरडं करून घ्या. ग्रॅमात तोलत असाल तरीही ओलं मीठ थोडं जास्त लागतं, चाखून घाला.